भूमिगत कोळसा खाण वाढतेय, वर आपली बाग आहे: जनसुनावणीत नेमकं काय विचारायचं?

नळस्टॉपकर:

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यात आमच्या गावाखालून एक भूमिगत कोळसा खाण बरीच वर्षं चालू आहे. तिच्या विस्तारासाठी पर्यावरणीय जनसुनावणी लागलीये. तारखेला बावीस दिवस उरलेत. आई-बाबा गावी, मी पुण्यात. मराठी कार्यकारी सारांश हाती आलाय, त्यातले आकडे असे:

उत्पादन वर्षाला ४ लाख टनांवरून ६ लाख टन. थराची जाडी साधारण ३ मीटर, खोली १२० ते २२० मीटर. पद्धत 'बोर्ड अँड पिलर', नंतर 'डिपिलरिंग'. लीजचं क्षेत्र जवळपास तेवढंच राहणार. 'पृष्ठभागावरील जमीन संपादित करण्याची आवश्यकता नाही' असं एक वाक्य आहे आणि 'भूजलावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही' असं दुसरं.

आमची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार घेतो. विहिरी दोन, ४५ आणि ५२ फुटी. घर जुनं, विटा-मातीचं. जमीन खचेल का, विहिरी आटतील का, आणि पुण्यात बसून मला काय करता येईल? 'विरोध करा' किंवा 'काही होत नाही' यापलीकडचं कुणी सांगितलं तर उपकार होतील.

पिलररेषा:

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुमच्या सारांशात नाहीच. वाढीव २ लाख टन कुठून काढणार? लीज तेवढीच असेल तर मार्ग तीनच. नवीन भागात गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढणं, जुन्या भागातले खांब काढणं, किंवा यंत्रं बदलून तेच काम वेगानं करणं. वर राहणाऱ्याच्या दृष्टीनं या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुनावणीत पहिला प्रश्न हाच: वाढीव टनांपैकी किती टन डेव्हलपमेंटमधून (नव्या गॅलऱ्यांतून), किती डिपिलरिंगमधून (जुने खांब काढून), कुठल्या पॅनेलमधून (खाणीच्या कुठल्या ठरवून दिलेल्या भागातून) आणि कुठल्या वर्षी?

कारण सांगतो. थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढतात आणि मधे कोळशाचे चौकोनी खांब छत पेलायला ठेवतात. कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये खोलीप्रमाणे खांबांचं किमान अंतर ठरलेलं आहे. गॅलरी ४.८ मीटर रुंद असेल तर ९० ते १५० मीटर खोलीला खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत २५.५ मीटर, १५० ते २४० मीटरला ३४.५ मीटर. या ३४.५ चा हिशेब करा. खांब २९.७ मीटरचा उरतो, म्हणजे कोळसा निघतो जेमतेम २६ टक्के. बाकीचा ७४ टक्के खांबांतच राहतो. जुनी खाण उत्पादन वाढवायचं म्हणते तेव्हा तिची नजर बहुधा याच साठ्यावर असते.

आता ताकद. २०० मीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार साधारण ५ मेगापास्कल. तो सगळा खांबांवर आला की ६.७५ होतो. आपल्याकडे खांबांच्या ताकदीसाठी धनबादच्या खाण संशोधन संस्थेचं सूत्र वापरतात. कोळशाची ताकद ३० मेगापास्कल आणि उंची ३ मीटर धरली तर खांबाची ताकद येते सुमारे २१.५. म्हणजे सुरक्षा गुणांक, ताकद भागिले भार, ३.२. असे खांब दीर्घकाळ उभे राहतात, वर काही जाणवत नाही. तोच खांब मधून एक गॅलरी काढून दोन तुकडे केला की गुणांक १.७६. दोन्ही बाजूंनी चिरून चार तुकडे केला की १.१६. गंमत नव्हे, एवढं करूनही निघालेला कोळसा ४८ टक्केच, आणि खांब मात्र काठावर आलेले. वर वस्ती किंवा रस्ता असेल तर गुणांक २ च्या खाली जाऊ नये असं सर्वसाधारणपणे धरतात. खालचा कोळसा मऊ असेल, खांबांच्या कडा झडत असतील, खाली पाणी साचलेलं असेल तर कागदावरचा गुणांक प्रत्यक्षात मिळत नाही.

पूर्ण डिपिलरिंग करून छत पाडलं, ज्याला केव्हिंग म्हणतात, तर पृष्ठभाग थराच्या जाडीच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली बसू शकतो. तुमच्या ३ मीटर थराला १.८ मीटर. पोकळी वाळूनं भरली, म्हणजे स्टोइंग केलं, तर साधारण ५ टक्के, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या आसपास. बागेला १५ सेंटिमीटर एकसारखं बसलेलं कळणारही नाही. १.८ मीटरमध्ये पाटाचा आणि ठिबकच्या पाइपांचा उतार उलटा होतो, पावसाळ्यात मधे पाणी साचतं, आणि संत्र्याच्या मुळाशी पाणी साचलं की मूळकूज आलीच.

नुकसान खचलेल्या भागाच्या मधोमध कमी आणि कडेला जास्त होतं, हे लक्षात ठेवा. कडेची जमीन ताणली जाते, तिथेच भेगा पडतात. घरांसाठी हा ताण मीटरमागे ३ मिलिमीटरच्या आत असावा असं धरतात. विटा-मातीचं घर त्याआधीच तडकतं. पॅनेलच्या कडेपासून वर परिणाम पसरण्याचा, उभ्या रेषेपासून मोजलेला कोन ३५ अंश धरला तर २०० मीटर खोलीच्या पॅनेलचा परिणाम पॅनेलच्या कडेबाहेर १४० मीटरपर्यंत पोचतो. प्रत्यक्षात मोजलेला कोन बहुतेक ठिकाणी याहून कमी भरतो, पण सुनावणीत मागणी करताना सावध बाजूनेच आकडा धरावा.

आणि एक. इमारत, सार्वजनिक रस्ता किंवा दुसऱ्याच्या मालकीचं कायमस्वरूपी बांधकाम यांच्या ४५ मीटरच्या आत काम न्यायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची आगाऊ परवानगी लागते. शेताचा त्यात उल्लेख नाही. पक्की बांधलेली विहीर मात्र कायमस्वरूपी बांधकाम म्हणून नोंदवून घ्या, लेखी.

जलधर:

वरच्या प्रतिसादातलं खोलीचं गणित पाण्यालाही लागू आहे, म्हणून तिथूनच पुढे जातो.

तुमच्या विहिरींचं पाणी वरच्या मुरमातलं आणि मऊ, झिजलेल्या मांजऱ्या खडकाच्या भेगांतलं असणार. त्या पट्ट्यात वर बेसाल्ट, खाली कामठी वालुकाश्म आणि त्याखाली कोळशाचे बाराकार थर असा क्रम बऱ्याच ठिकाणी मिळतो. कामठी वालुकाश्म पाण्यानं भरलेला असतो, गावातल्या खोल बोअर बहुधा त्यातून पितात. त्यामुळे 'भूजलावर परिणाम नाही' हे वाक्य एकच असलं तरी भूजल दोन आहेत. कुठल्या भूजलाबद्दल बोलताय, हे विचारायला हवं.

नुसत्या गॅलऱ्यांनी वरच्या विहिरीला सहसा काही होत नाही. छत पाडलं की गोष्ट बदलते. पडलेल्या भागाच्या वर भेगाळलेला पट्टा तयार होतो. त्याची उंची काढलेल्या जाडीच्या ३० ते ५० पट धरतात. ३ मीटरला ९० ते १५० मीटर. खाण २२० मीटर खोल असलेल्या टोकाला वर ७० मीटर तरी अखंड खडक राहतो. १२० मीटरच्या टोकाला हा पट्टा थेट तुमच्या मुरमापर्यंत येऊ शकतो. म्हणजे एकाच गावात एका बांधावरची विहीर शाबूत आणि दुसऱ्या बांधावरची कोरडी, असं होऊ शकतं. तुमच्या गटाखाली थर किती खोल आहे, हा आकडा मिळवल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

दुसरा धोका खालून येत नाही, वरूनच येतो. कडेच्या ताणानं पडलेली भेग काही मीटर खोल जाते. ती विहिरीच्या बांधकामाला चिरून गेली तर झिरे दुसरीकडे वळतात. तेव्हा 'खाणीचा आणि विहिरीचा संबंध नाही' असा अहवाल तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतो आणि विहीर तरी रिकामी असते.

म्हणून आत्ताच मोजायला लागा. सुनावणीची वाट पाहू नका. खाण वाढल्यानंतर घेतलेल्या मोजमापाला आधीचं मोजमाप नसेल तर काडीची किंमत नाही. पद्धत सांगतो, बाबांना जमेल. विहिरीच्या काठावर ऑइल पेंटनं एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. काठ जमिनीपासून किती उंच आहे तेही एकदा लिहून ठेवा. आदल्या रात्रीपासून पंप बंद. सकाळी स्टीलच्या टेपच्या टोकाकडच्या एक मीटरला कोरडा खडू घासा, टेप पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडा, खुणेशी आलेला आकडा वाचा. वर ओढली की खडू जिथपर्यंत ओला झालाय तेवढं वजा करा. हे जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये नक्की. तुमचा आंबिया असल्यानं फेब्रुवारी ते मे दर पंधरवड्याला. फळ धरलेलं असताना पाणी तुटलं तर नुकसान तेव्हाच होणार.

पातळीबरोबर झरा किती येतो तेही मोजा. पंपानं पाणी दोन मीटर खाली घ्या, पंप बंद करा, मग १०, २०, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी पातळी लिहा. विहीर ६ मीटर व्यासाची असेल तर तिचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटर. दोन तासांत अर्धा मीटर चढली तर १४ घनमीटर आले, म्हणजे तासाला ७,००० लिटर. विहीर 'चालते' की 'मेली' यापेक्षा हा आकडा कितीतरी बोलका असतो, कारण पातळी दिसायला तशीच राहून झरा निम्मा झालेला असू शकतो.

एक विहीर खाणीपासून दूर, दोनेक किलोमीटरवरची, त्याच खडकातली निवडून तिचंही मोजमाप ठेवा. नाहीतर 'यंदा पाऊस कमी होता' हे उत्तर ठरलेलं आहे. पाण्याची एक तपासणीही करून घ्या: पीएच, टीडीएस, सल्फेट, लोह, कठीणपणा. पुण्यात आहात तर शिवाजीनगरला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय आहे, तुमच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदींसाठी तिथे अर्ज द्या.

खाणीला उपसा करायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत मागा. रोजचा उपसा आज किती आणि विस्तारानंतर किती, पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायचे पाइप) कुठे-कुठे बसवलेत, कुठल्या खडकापर्यंत, आणि मुरमात एक व वालुकाश्मात एक असे वेगवेगळे आहेत का, हे त्यात दिसायला हवं. एकच पाइप दोन्ही थरांतून पाणी घेत असेल तर त्याचा आकडा कुठल्याच भूजलाचा नसतो.

कलम_सोळा:

कागदपत्रांचं मी सांगतो.

२००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान ३० दिवसांची जाहीर सूचना लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. सारांशावर थांबू नका. आई किंवा बाबांपैकी कुणी जाऊन भू-खचाव, जलशास्त्र आणि खाणयोजना या तीन प्रकरणांचे नकाशांसह फोटो काढावेत. सुनावणी स्थानिक बाधितांसाठी असते. पण ज्याचा विषयाशी वाजवी संबंध आहे असा कुणीही लेखी म्हणणं देऊ शकतो, त्यामुळे तुम्ही पुण्यातून पाठवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट, दोन्ही. सुनावणीला गणसंख्येची अट नाही, पाच माणसं आली तरी ती पूर्ण धरली जाते. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि उपस्थित झालेले मुद्दे उत्तरांसह इतिवृत्तात यावे लागतात. म्हणून बाबांनी भाषण करू नये. क्रमांक घातलेले प्रश्न वाचावेत आणि त्याच कागदाची प्रत अध्यक्षांकडे देऊन पोच घ्यावी.

विस्तार प्रकल्पात एक हत्यार असतं, ते लोक विसरतात. आधीच्या पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, याचा प्रमाणित अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून, तुमच्याबाबतीत नागपूरहून, घ्यावा लागतो. जुनं मंजुरीपत्र या मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर शोधा. त्यातली विहीर-मोजणी, खचाव-मोजणी आणि भेगा बुजवण्याची अट काढा आणि प्रत्येकीसमोर 'गेल्या तीन वर्षांची मोजमापं द्या' एवढंच लिहा.

'जमीन संपादनाची गरज नाही' या वाक्यावर समाधान मानू नका. कोळसाधारी क्षेत्र संपादन कायदा, १९५७ खाली जमिनीऐवजी फक्त जमिनीखालचे हक्क घेता येतात. मग सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पीक तुम्हीच घेता, आणि खचण्याचा भारही तुम्हीच सोसता. सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना आजच तपासा. याच कायद्याच्या कलम ७ ची (संपादनाचा इरादा जाहीर करणारी) नवी अधिसूचना निघाली असेल तर हरकतीला ३० दिवस असतात, आणि ही मुदत सुनावणीपेक्षा वेगळी आहे. मागणी अशी ठेवा: संपादन नसलं तरी खचाव, विहीर आणि बाग यांच्या भरपाईची पद्धत, मोजणार कोण आणि किती दिवसांत, हे मंजुरीच्या अटीत यावं.

मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील. कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. महाराष्ट्रासाठीचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. तुमचा पुण्यात असण्याचा खरा उपयोग तिथे आहे.

ताशी_घनमीटर:

हवा आणि वाहतूक यांवर कुणी बोललं नाही, थोडक्यात टाकतो. रोजच्या प्रत्येक टनामागे मिनिटाला किमान २.५ घनमीटर हवा किंवा सर्वांत मोठ्या पाळीतल्या माणसामागे ६ घनमीटर, यांतलं जे जास्त ते खाणीला पुरवावं लागतं. ६ लाख टन आणि ३०० दिवस म्हणजे रोज २,००० टन, म्हणजे मिनिटाला ५,००० घनमीटर. त्याच वाटांतून दीडपट हवा ढकलायची तर पंख्याला सव्वातीन पटीहून जास्त वीज लागते, म्हणून बहुतेक खाणी नवा हवेचा शाफ्ट खोदतात. तो पृष्ठभागावर कुठल्या गटात येणार? 'जमीन लागणार नाही' असं लिहिलं असेल तर हे विचाराच, कारण चोवीस तास चालणारा पंखा घराशेजारी येऊ शकतो. ट्रकांचंही तसंच. २० टनी ट्रक धरला तर रोज ६७ खेपांच्या १०० होतील, आणि येऊन-जाऊन गावातून २००.

नळस्टॉपकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा काल जिल्हा परिषदेत जाऊन आले, फोटो पाठवलेत. अहवालात 'डिपिलरिंग विथ केव्हिंग, आवश्यक तेथे स्टोइंग' असं लिहिलंय. 'आवश्यक तेथे' म्हणजे काय धरायचं? आणि भेगा पडल्याच तर आपण स्वतः बुजवाव्यात का?

पिलररेषा:

'आवश्यक तेथे' हे शब्द खोडून तिथे पॅनेलचे क्रमांक घालून मागा. आणि स्टोइंगचं आश्वासन खरं आहे का, हे वाळूच्या हिशेबावरून ओळखा. एक टन कोळसा काढला की सुमारे ०.७ घनमीटर पोकळी होते. समजा त्या २ लाख टनांची पोकळी भरायची, तर वर्षाला १.४ लाख घनमीटर वाळू, म्हणजे १० घनमीटरच्या रोज ४६-४७ गाड्या. ही वाळू कुठल्या नदीतून, कोणाच्या परवान्यावर? की खुल्या खाणीतला दगड-माती दळून, की औष्णिक केंद्राची राख? अहवालात वाळूचा स्रोत, साठवण बंकर, पाइपलाइन आणि पाण्याचा आकडा नसेल तर तिथे स्टोइंग होणार नाही, असंच समजा. केलं तरी पोकळी वरपर्यंत भरत नाही ही नेहमीची अडचण. वाळू उताराकडे बसते, छताशी फट राहते, आणि वाळूतलं पाणी निचरून गेलं की ती आणखी खाली बसते. म्हणून भरलेल्या वाळूचं माप काढलेल्या कोळशाशी दर महिन्याला ताडून जाहीर करा, अशी अट मागा.

थर एकापेक्षा जास्त आहेत का तेही बघा. दोन थरांतलं अंतर ९ मीटरहून कमी असेल तर वरचे आणि खालचे खांब एकावर एकच आले पाहिजेत. जुन्या नकाशात खांब पाच-सात मीटर सरकलेले निघाले तर आधी केलेला सगळा हिशेब कोसळतो.

भेगांबद्दल: आधी कळवा, मोजा, मग बुजवा. भेगेवर पट्टी ठेवून तारखेसह फोटो, लांबी, रुंदी, गट क्रमांक, आणि लेखी तक्रार खाण व्यवस्थापकाकडे. घराच्या भिंतीवर भेग असेल तर तिच्यावर आडवी पातळ काच प्लॅस्टरच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा, काचेवर तारीख लिहा. काच तडकली की हालचाल चालू आहे. शेतातली भेग नुसती माती लोटून बुजवली तर पहिल्याच मोठ्या पावसात आत ओढली जाते. तोंड इंग्रजी व्ही आकारात अर्धा-पाऊण मीटर खोल मोकळं करायचं, खाली दगडगोटे, वर चिकणमाती थराथरानं चोपून, आणि शेवटी बाजूला काढून ठेवलेली काळी माती, थोडी उंचवटा ठेवून. हे काम खाणीचं आहे आणि तिच्याही जिवाशी आहे. उघड्या भेगेतून पाणी उतरतं तशी हवाही उतरते, आणि सोडलेल्या कोळशाला हवा मिळाली की तो आपोआप तापून पेटतो. सकाळच्या थंडीत भेगेतून वाफ किंवा रॉकेलसारखा वास आला तर जवळ जाऊ नका, कुणालाही जाऊ देऊ नका, लगेच कळवा.

जलधर:

फोटोंमध्ये पॅनेलचा नकाशा आणि थराच्या खोलीच्या समरेषांचा नकाशा असेल तर असं करा. परिवेशवरून लीजच्या सीमेची केएमएल (नकाशाची) फाइल उतरवा, गूगल अर्थमध्ये उघडा. महाभूनकाशावरून तुमच्या गटाचा नकाशा घ्या आणि दोन बांधांचे कोपरे जुळवून त्यावर बसवा. मग पॅनेलचा नकाशा लीजच्या कोपऱ्यांशी जुळवा. दोन्ही विहिरी आणि घर ठिपक्यांनी दाखवा आणि पॅनेलच्या कडेपासून मोजा. १४० मीटरच्या आत काय-काय येतंय ते आणि विहिरीखालची खोली, असा एक पानाचा नकाशा झाला की इथे टाका. गट क्रमांक झाकून टाका. सुनावणीला अजून दिवस आहेत, प्रश्नांचा कागद त्यावरूनच बांधू.